वळिवड्याचे वेळापत्रक

आज १० फेब्रुवारी. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात या चौकोनात काही खास छापलेले नसते. पोलंडमध्ये मात्र, आणि लंडनपासून मेलबर्नपर्यंत पांगलेल्या कित्येक पोलिश घरांत, ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९४० साली याच दिवशी, उजाडायच्या आत, सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्व पोलंडमध्ये हजारो घरांची दारे एकाच वेळी ठोठावली गेली. दारात बंदूकधारी शिपाई, अधिकाऱ्याच्या हातात नावांची यादी. आवरायला कुठे अर्धा तास, कुठे तासभर. कुठे नेताहेत ते सांगायचे नाही आणि परत कधी आणणार हे विचारायचे नाही. त्या रात्रीच्या आठवणींत मधूनच एखादा असा शिपाई भेटतो, जो वरिष्ठांची नजर चुकवून घरातल्या बाईच्या कानाशी पुटपुटतो, की पीठ घ्या, पांघरुणे घ्या, कुऱ्हाड घ्या. ज्यांच्या दारात असा शिपाई आला, त्यांची मुले तगण्याची शक्यता थोडी वाढली.

याची दखल मराठी वर्तमानपत्राने का घ्यावी, याचे उत्तर मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर आहे. कोल्हापूर यायच्या थोडे आधी वळिवडे नावाचे छोटे स्टेशन लागते. त्या रात्री आणि त्यानंतरच्या तीन मोठ्या धरपकडींत उचलल्या गेलेल्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे, सैबेरिया, कझाकस्तान, इराण, कराची असा अर्धा आशिया पालथा घालून, १९४३ पासून पुढची पाच वर्षे या वळिवड्यात राहिली. पंचगंगेच्या काठच्या उसाच्या मुलखात एक आख्खे पोलिश गाव वसले आणि उठले. कोल्हापुरात आजही हा विषय निघाला की आपण पाहुणचाराच्या आठवणीत रमतो. ते स्वाभाविकच आहे. पण पाहुणचारापेक्षा मोठी गोष्ट त्या छावणीच्या आत घडत होती. ज्यांचे सगळे गेले होते आणि जे गेले ते परत मिळण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होत चालली होती, त्या माणसांनी दिवस कसा काढला, ही ती गोष्ट.

आधी त्यांनी काय सोसले ते थोडक्यात पाहू. गुरे वाहून नेण्याच्या डब्यांत फळ्यांचे मजले ठोकलेले, मध्ये एक लोखंडी शेगडी, कोपऱ्यात जमिनीला पाडलेले भोक हाच शौचकूप. असा प्रवास दोन-तीन आठवडे. पाणी मिळाले नाही की दाराच्या फटीतून बर्फ खरवडून घ्यायचे. वाटेत तान्ही मुले दगावली, तर गाडी थांबेल तिथे रुळांच्या बाजूला बर्फात ठेवून पुढे जायचे. १० फेब्रुवारीची माणसे बहुतेक उत्तरेकडच्या आणि सैबेरियातल्या जंगलांत लाकूडतोडीला लावली गेली. काम करील त्याला भाकर, हा कायदा. आईचा कोटा भरला नाही तर मुलाचा पाव कमी. एप्रिलच्या धरपकडीत नेलेल्यांना कझाकस्तानच्या उजाड माळावर सोडले. तिथे जळणाला झाड नाही, म्हणून शेण गोळा करून, थापून, वाळवून त्यावर चूल पेटवायला पोलिश शिक्षिका आणि अधिकाऱ्यांच्या बायका शिकल्या. कोल्हापूरकर जिला शेणी म्हणतात, ती वस्तू वळिवड्यात पोचण्यापूर्वीच त्यांच्या ओळखीची होती.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि स्टालिनला एकाएकी पोलिश माणसांची गरज भासली. लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना चक्क ‘माफी’ देण्यात आली. अपराध काय होता, हे माफी देणाऱ्याने सांगितले नाही. जनरल आंदेर्स दक्षिणेत पोलिश फौज उभारताहेत, एवढी बातमी कानावर पडली आणि उत्तरेतून माणसांचा लोंढा निघाला. पायी, तराफ्यांवर, मिळेल त्या मालगाडीने. उझबेकिस्तानात टायफसने गाठले. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून १ लाख १५ हजारांच्या आसपास माणसे इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथे वाळूवर त्यांचे केस कापले, कपडे जाळले आणि खायला दिले. त्या खाण्यानेही काही जण गेले, कारण दोन वर्षे उपाशी असलेल्या आतड्यांना ते झेपले नाही. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत त्यांच्या कबरींच्या रांगा आहेत.

फौजेत घेण्याजोगे पुरुष आणि तरुण मुली सैन्यासोबत इराक, पॅलेस्टाइनमार्गे पुढे गेल्या. उरल्या बायका, मुले, म्हातारे. त्यांना ठेवायचे कुठे? पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान. नवानगरच्या जामसाहेबांनी अनाथ मुलांना बालाचडीत आधीच जागा दिली होती. वळिवडे त्यानंतरचे आणि त्याहून बरेच मोठे. लांबलचक बराकी, कौलारू छपरे, प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे व्हरांडा. रेल्वे जवळ, नदी जवळ. कोल्हापूरचा पाऊस आणि मलेरिया मात्र सगळ्यांना सारखाच. क्षयाचे रुग्ण पाचगणीला पाठवले जात.

अशा जागी पोचलेली माणसे पहिल्यांदा काय करतील? झोपतील, रडतील, देवाचे नाव घेतील. हे सगळे झालेच असणार. पण त्या छावणीच्या नोंदी आणि तिथे वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी वाचताना डोळ्यांत भरते ते वेळापत्रक. सकाळी शाळा. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षक घडवण्याचे वर्ग, शिवण आणि विणकामाचे वर्ग. दुपारी बालवीरांचे संचलन, गायनवृंदाची तालीम. रविवारी प्रार्थना. सणाला नाटक. दवाखाना, सहकारी दुकान, वाचनालय. गावातले भाजीवाले आणि फेरीवाले कामापुरते पोलिश बोलायला शिकले, व्हरांड्यांपुढे फुलझाडे आणि वेल लागले. पाठ्यपुस्तकांची ओढाताण फार होती. त्यातली काही जेरुसलेममध्ये छापून यायची, बाकी शिक्षिकेच्या आठवणीतून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत उतरायची.

त्या वर्गाची जरा कल्पना करून पाहावी. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, मग त्याने ओंडके ओढले, धाकट्या बहिणीला पुरले, आईच्या टायफसात तिला पाणी पाजले. आता त्याला दहा वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर बसून पोलिश व्याकरण गिरवायचे आहे. पाव कसा चोरावा, हे त्याला शिक्षिकेपेक्षा चांगले कळते. शिक्षिकाही त्याच डब्यातून आलेली आहे, तिच्या नवऱ्याचा पत्ता नाही. आणि ती त्याला सांगते, की उद्या गृहपाठ करून आण. या एका वाक्यात, ‘उद्या’ आहे असे गृहीत धरलेले आहे. आम्हाला वाटते, आशेचा विचार करायचा तर तो या गृहपाठापासून करायला हवा.

आपल्याकडे आशा म्हणजे ‘सगळे चांगले होईल’ असे वाटणे, अशी एक समजूत रुजली आहे. भ्रमणध्वनीवरचे सुप्रभात संदेश, प्रेरणादायी वक्त्यांची व्याख्याने आणि पुस्तकांच्या दुकानातला एक आख्खा कप्पा या समजुतीवर पोसला जातो. घोर संकटात ही समजूत उपयोगी पडत नाहीच, उलट जिवावर बेतू शकते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी नाझींच्या दाखाऊ छळछावणीच्या उपछावणीतल्या एका सोबत्याची हकीकत सांगितली आहे. त्याला १९४५ च्या फेब्रुवारीत स्वप्न पडले, की ३० मार्चला आपली सुटका होणार. तारीख जवळ येऊ लागली, आघाडीवरच्या बातम्यांत काहीच फरक पडेना. २९ मार्चला त्याला सडकून ताप भरला, ३० ला शुद्ध गेली, ३१ ला तो मेला. निमित्त टायफसचे. फ्रांकल यांच्या मते, तारखेवर टांगलेली आशा तुटली आणि शरीराचा प्रतिकार तिच्याबरोबर संपला.

फ्रांकल यांचे नाव घेतले की त्याच्या सोयीस्कर वापराबद्दलही बोलले पाहिजे. ज्याला जगण्याचा अर्थ सापडतो तो वाचतो, असा त्यांच्या अनुभवाचा सरधोपट अर्थ सांगितला जातो. तो खुद्द त्यांनाही मान्य नसता. त्यांचे आई-वडील, भाऊ आणि तरुण पत्नी यांपैकी कुणी वाचले नाही, आणि आमच्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत, हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. आउशवित्समधून परतलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही तर या मुद्द्यावर अधिक कठोर होते. कोण वाचला आणि कोण मेला, यात नशीब, वय, टायफसची साथ, रांगेतली जागा, पावाचा तुकडा यांचा वाटा प्रचंड असतो. सैबेरियाच्या बर्फात जी मुले राहिली, त्यांच्या आयांची आशा कमी पडली होती असे कुणी म्हणणार असेल तर त्याने जरा लाज बाळगावी. अर्थ सापडल्याने माणूस वाचतोच असे नाही. वाचलेल्या माणसाला पुढच्या दिवसाचे काय करायचे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर कधीकधी त्यातून मिळते. वळिवड्यातल्या बायकांना ते शाळेत मिळाले.

आणि या शाळेवर सावली किती दाट होती, तेही पाहिले पाहिजे. एप्रिल १९४० मध्ये कझाकस्तानला नेलेल्यांत पोलिश लष्करी अधिकारी, पोलिस, वकील, डॉक्टर यांची कुटुंबे फार होती. हे पुरुष सोव्हिएत कैदेत होते. तिथून ते घरी पत्रे पाठवत, आणि त्या पत्रांवरच्या पत्त्यांनीच कुटुंबे पकडणे सोपे झाले. त्याच वसंत ऋतूत पत्रे येणे एकाएकी थांबले. कात्यिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून पुरले गेले होते. हे बाहेर आले एप्रिल १९४३ मध्ये, जर्मन आकाशवाणीवरून. म्हणजे वळिवड्याची छावणी आकार घेत होती, नेमके तेव्हा. बातमी देणारा शत्रू, ती नाकारणारा दोस्तांचा दोस्त. छावणीतल्या बाईने कुणावर विश्वास ठेवायचा? नवरा मेला म्हणून काळे घालायचे, की वाट पाहायची? सोव्हिएत सरकारने हा गुन्हा कबूल केला तो १९९० मध्ये. वळिवड्यात तिशीत असलेली बाई तोवर ऐंशीला टेकली होती.

पोलिश घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की, सगळे जेवायला बसतात. टेबलावर एक ताट जास्तीचे मांडायचे असते. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, आणि दूर असलेल्या आपल्या माणसासाठी. वळिवड्यातल्या बराकीत ते जास्तीचे ताट कुणाचे, हे विचारायची गरज पडत नसेल. ताट मांडले म्हणजे तो येणार असा दावा करावा लागत नाही आणि तो गेला असे मान्यही करावे लागत नाही. जेवण झाल्यावर ते इतर ताटांबरोबर घासून ठेवायचे असते. ज्या दुःखाचा निकालच लागत नाही, त्याच्यासोबत राहण्याची ही एक रीत होती, आणि ती पोलिश बायकांना आपल्या आयांकडून आयती मिळाली होती. संकटातली माणसे नवे तत्त्वज्ञान क्वचितच शोधतात. अंगवळणी पडलेल्या रीतींनीच ती तगतात. म्हणून सणवार, गाणी, स्वयंपाक, प्रार्थना या गोष्टींना उपरी चैन समजणाऱ्या मदतकार्यांचे गणित कुठेतरी चुकते.

दुःख माणसाला घडवते, हे वाक्यही आता एकदा तपासून घ्यायला हवे. मराठी मनाला ते जवळचे वाटते, कारण त्यामागे तुकोबांचे उदाहरण उभे असते. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांची पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. आणि त्यातून संत तुकाराम घडले, असे आपण सांगतो. दुष्काळ देहूतल्या सगळ्यांवरच आला होता. त्याने बहुतेकांना नुसते मारले. परंपरा सांगते, की तुकोबांनी धाकट्या भावाच्या वाट्याची कर्जखते त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ज्यांच्याकडून येणे होते ती कुळेही त्याच दुष्काळाने नागवली गेली होती, हे त्यांना दिसले. दुःख सगळ्यांना सारखे आले, खते बुडवणे हे तुकोबांचे होते. दुःखाला श्रेय द्यायचे कारण नाही. सैबेरियाने वळिवड्याच्या मुलांना काही दिले नाही. त्याने त्यांचे बालपण नेले, दात नेले, भावंडे नेली. जे दिले ते शिक्षिकांनी.

आता जमीन देणाऱ्यांविषयी. यात कोल्हापूरकरांनी अभिमान बाळगावा, पण हिशेब पूर्ण मांडून. छावणीचा खर्च लंडनमधले पोलिश सरकार सोसत होते, युद्धानंतर तो आंतरराष्ट्रीय मदत यंत्रणेकडे गेला. परवानगी ब्रिटिश राजवटीची. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन छत्रपती होते. म्हणजे पाहुण्यांना ठेवून घेणारे यजमान स्वतःच पारतंत्र्यात होते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ब्रिटिशांना जेरीस आणत होते. आणि १९४३ हेच वर्ष बंगालच्या दुष्काळाचे. सुमारे ३० लाख माणसे मेल्याचा अंदाज सांगितला जातो. पाच हजार पोलिश जिवांसाठी ज्या साम्राज्याला जागा, धान्य आणि रेल्वेचे डबे सापडले, त्याला कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणाऱ्या आपल्याच प्रजेसाठी ते सापडले नाहीत. यात पोलिश बायकांचा दोष तसूभर नाही. उलट यातून एवढेच कळते, की माणसे जगवायची ठरवली तर जगवता येतात, आणि ठरवणारे बहुतेकदा दूर बसलेले असतात.

गावाने मात्र ठरवले होते. परक्या रंगाची, परक्या भाषेची माणसे गावाने पाहिली आणि त्यांच्याशी व्यवहार सुरू केला. दूध, भाजी, कापड, टांगा. दयेपेक्षा हा व्यवहार मोलाचा होता, कारण त्यात समोरच्याला गिऱ्हाइकाचा मान मिळतो. काही पोलिश मुलींनी पुढे इथलीच घरे पत्करली आणि त्या कोल्हापूरकर झाल्या. छावणीतल्या तरुणांना हिंदुस्थान समजावून सांगायला वांदा दिनोव्स्का यायच्या, गांधीजींच्या परिवारात उमादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या.  

युद्ध जिंकले गेले. इटलीतला मोंते कासिनोचा डोंगर मे १९४४ मध्ये पोलिश फौजेने घेतला, त्या फौजेत वळिवड्यातल्या कित्येकींचे नवरे, मुलगे, भाऊ होते. आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत दोस्तांनी पूर्व पोलंड स्टालिनला देऊन टाकला. ल्वूव, ग्रोद्नो, विल्नो ही गावे नकाशावर होती, पण पोलंडमध्ये नव्हती. ज्या घराकडे परतायचे म्हणून सगळे सोसले, तेच आता परदेशात गेले होते. सुखान्ताची सवय लागलेल्या वाचकाला इथे चुकल्यासारखे होईल. वळिवड्यातल्या आशेला बक्षीस मिळाले नाही. काही पोलंडला परतले आणि तिथल्या नव्या राजवटीत सैबेरियाचे नावही उच्चारायची चोरी झाली. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. ब्रिटनमध्ये कित्येकांची पहिली काही वर्षे पुन्हा लष्कराच्या सोडलेल्या बराकींतच गेली. १९४८ मध्ये शेवटची तुकडी वळिवड्यातून निघाली.

मग त्या गृहपाठाचे काय झाले? तो वाया गेला नाही, एवढे नक्की सांगता येते. बराकीत शिकलेली मुले इंजिनियर झाली, शिक्षक झाली, आजोबा-आजी झाली. त्यांनी ‘भारतातले पोलिश’ म्हणून आपली मंडळ-मंडळी जमवली, वर्षानुवर्षे भेटत राहिली, छावणीचे नकाशे आठवणीतून काढले, जाडजूड इतिहास लिहून काढला. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा बऱ्याच मराठी माणसांना ते पहिल्यांदा कळले. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही वृद्ध मंडळी पोलंडच्या शिष्टमंडळासोबत वळिवड्यात आली होती. महापुरातून कोल्हापूर तेव्हा नुकतेच डोके वर काढत होते. पण या साऱ्यातले काहीच, १९४४ साली फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेला माहीत नव्हते. ती मुले पुढे कोणत्या देशात जगतील, पोलिश त्यांच्या उपयोगी पडेल की नाही, तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने निकाल पाहून शिकवले नाही.

त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सुटलेली माणसे तिथे आली. पोलिश बाईने ज्या खोलीला कुलूप लावले, ती शिकारपूर किंवा सक्करहून आलेल्या कुणाला तरी मिळाली. ज्यांचे गाव नकाशाच्या पलीकडच्या बाजूला गेले असे हे दुसरे. त्यांनी तिथे पेढ्या उघडल्या. आज त्या जागेचे नाव गांधीनगर, आणि दक्षिण महाराष्ट्रापासून बेळगाव-निपाणीपर्यंतची कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला तिथल्या कापडबाजारात येतात. शालूच्या घड्या उलगडणाऱ्या किती जणांना पायाखालच्या जागेचा हा दुहेरी इतिहास माहीत असतो? माहीत नसतो यात फार वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांच्या परिसर अभ्यासात त्याला दोन पाने मिळायला काय हरकत आहे, हे आम्हाला कळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घर सोडून राहत होती. त्यांना आशावादी राहण्याचा सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. वळिवड्याच्या अनुभवातून निघणारा प्रश्न त्या सल्लागारांना विचारायचा आहे: त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय? छावणीत शाळा आहे का, शिक्षक त्यांच्यातलाच आहे का, त्याला पगार मिळतो का, आणि पुढच्या वर्षी हीच शाळा इथेच असेल असे सांगता येते का? दुःखातल्या माणसाने अर्थ स्वतः शोधायचा असतो हे खरे, पण त्यासाठी त्याला चार-पाच वर्षे एका जागी टिकू द्यायला लागते. ते काम बाहेरच्यांचे आहे.

हा प्रश्न विचारायला फार लांब जायचे कारण नाही. फेब्रुवारी महिना आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात आहे. वळिवड्याच्या आसपासच्या शिवारांतही बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या आहेत. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता पहाटेच फडात जातो. सैबेरियाशी याची तुलना करणे अतिरेकाचे होईल आणि मजुरांनाही ती आवडणार नाही. पण पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळत बसलेली दहा वर्षांची मुलगी दिवाळीपासून शाळेत गेलेली नाही, आणि गावी परतेल तेव्हा वर्ग पुढे सरकलेला असेल, हे तर खरे आहे. मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचे प्रयोगही झाले. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला लागू आहे, आणि त्यात जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. आज इथे लागणार आहे तो एक शिक्षक, एक फळा, आणि कोप्यांपर्यंत जाऊन मुलांची नावे लिहून घेणारा माणूस. हंगाम संपायला अजून काही आठवडे बाकी आहेत. जिल्हा परिषदेने आणि कारखान्यांनी मनावर घेतले, तर याद्या या आठवड्यातच तयार होऊ शकतात.